आत्याचा खोकला

आमच्या घरात रात्रीचं जेवण उजेडीच व्हायचं. दिवस मावळायच्या आत ताटं उचलली गेली पाहिजेत असा आत्याचा दंडक होता, आणि आत्याचा दंडक म्हणजे घराचा कायदा. आत्या म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं करून माहेरी परत आलेली. तेव्हापासून आमचं घर, गावातली बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर, आणि बस्तीतली मुलांची पाठशाळा, सगळं तिच्याच ताब्यात. गाव कृष्णाकाठी, सांगलीहून एसटीनं अर्ध्या तासावर, हळदीचं. हळद शिजवायचे दिवस आले की अंथरुणालासुद्धा तो उग्र वास लागायचा आणि अंगणभर वाळत घातलेल्या हळकुंडांवरून पाय उचलून चालावं लागायचं. मागच्या शेडमध्ये हळद पॉलिश करायचा लोखंडी ड्रम होता. तो फिरायला लागला की शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि माझी धाकटी बहीण सन्मती त्या ड्रमला कान लावून तासन्‌तास बसायची. तीच सन्मू कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून किंचाळायची. म्हणून आमच्याकडं कुकर बंद झाला. डाळ पातेल्यात शिजायची आणि ती शिजेस्तोवर मी भुकेली बसायची.

जेवताना आई सन्मूशेजारी. सन्मूला फक्त भात आणि दही, तेही दोन वेगळ्या वाट्यांत. भाताचं एक शीत दह्यात पडलं तर वाटी भिंतीवर. आई एकेक घास करून, तिच्या तोंडाकडं बघत, ती कधी आ करते याची वाट पाहत बसायची. आमच्या पानात भाकरी, घट्ट आमटी, शेंगदाण्याची चटणी पडायची. ती कोण वाढतंय, कोण जेवतंय, याची आईला शुद्ध नसायची. एकदा मी मुद्दाम चटणी घेतली नाही. कुणाच्या लक्षात येतं का ते बघायला. नाही आलं.

सन्मूचा मला हेवा वाटायचा. साधासुधा नव्हे, पोटात दुखेल असा. ती व्हायच्या आधी सात वर्षं आई माझी एकटीची होती. सकाळी ती मला उंबऱ्यावर बसवून तेल लावायची, दोन वेण्या घालायची आणि वेणी घालता घालता गुणगुणायची. सन्मू झाल्यावर ते काम आत्याकडं गेलं. आत्या वेण्या अशा ओढून घालायची की भुवया वर चढायच्या. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात; सन्मू रडायची, किंचाळायची, डोकं आपटायची, आणि तिला सगळं मिळायचं. मी शहाणी होते. शहाण्या पोरीला 'शहाणी गं माझी बाय' एवढंच मिळतं, तेही जाता जाता.

आता माझ्या कानामागं पांढरं दिसायला लागलंय आणि लोक मला समजूतदार म्हणतात. पण त्या हेव्याबद्दल मला लाजबीज वाटत नाही. हेवा करणाऱ्याइतकं बारीक कुणी बघत नाही, आणि त्या घरात सन्मूकडं बारीक बघणारी माणसं दोनच होती. एक आई, काळजीनं. दुसरी मी.

आईला काळजी होती ती अशी. पोर पाच वर्षांची झाली तरी हाक मारली तर मान वळवायची नाही. डोळ्याला डोळा द्यायची नाही. बोट करून 'ते बघ' म्हणून कधी काही दाखवायची नाही. पोरांत खेळायची नाही; हळकुंडं लांबीप्रमाणं एका रेषेत मांडत बसायची आणि कुणी त्यातलं एक उचललं तर आकाशपाताळ एक करायची. तहान लागली की 'पाणी पायजे व्हय तुला?' असं आईच्याच आवाजात, आईच्याच सुरात म्हणायची. आईला ते ऐकून गलबलून यायचं. बाकीच्यांना गंमत वाटायची. 'कशी नक्कल करतीया बघा,' म्हणायचे.

आणि नक्कल म्हणाल तर तिच्यासारखी साऱ्या पंचक्रोशीत कुणाची नव्हती. आत्यानं पाठशाळेत आम्हाला संस्कृतातलं एक लांबलचक स्तोत्र शिकवायला घेतलं. मी मोठी, मला आधी यायला हवं होतं. माझी जीभ पहिल्या काही ओळींतच अडखळायची आणि आत्याची पट्टी मांडीवर बसायची. सन्मू कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून चटईचे धागे ओढत बसलेली. आठवडाभरात तिनं सगळं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. आत्याच्या डोळ्यांतून पाणी. तिनं सन्मूला उचलून कडेवर घ्यायला पाहिलं, सन्मू तिला चावली, तरी आत्याचा आनंद ओसरला नाही. 'मागच्या जन्माचं हाय हे,' ती म्हणाली. 'ह्ये शिकवून येत न्हाई.'

भाद्रपदातल्या पर्वाच्या दिवसांत बस्तीत सगळा समाज जमतो, मुलांकडून पाठ म्हणून घेतात. त्या वर्षी सन्मूला उंच पाटावर उभी केली. तिच्या अंगावर माझा जरीचा परकर, आखूड करून. माझा परकर! तिनं छताकडं बघत सुरुवात केली. आठव्या की नवव्या श्लोकात एका शब्दाशी ती दोनदा खोकली, घसा खाकरला, आणि पुढं गेली. 'पोरीला खोकला झालाय, पर थांबली न्हाई बघा,' पुढच्या रांगेतल्या बाया कुजबुजल्या. झालं, कौतुकात आणखी भर. तिला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला, कुणी खडीसाखर दिली, कुणी अडुळशाचा काढा सांगितला. मला माहीत होतं की सन्मूला खोकला नव्हता. आत्यानं शिकवलं ते ऐन पावसाळ्यात, तेव्हा आत्याची छाती भरली होती. त्याच शब्दाशी ती दोनदा खोकली होती आणि तिनं घसा खाकरला होता. मी तिथंच पट्टी खात बसले होते, मी कशी विसरेन? पुढं आत्याचा खोकला बरा झाला, पण सन्मूच्या स्तोत्रात तो राहिला, शब्दासारखा शब्द. आत्याला ते कधी कळलं नाही. आपला खोकला आपल्याला कुठं ऐकू येतो? आणि मी सांगितलं नाही. कुणी मला विचारलंच नव्हतं.

त्या बक्षिसानं आईचा घात केला. त्याआधी ती सन्मूला गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली होती तेव्हा त्यांनी 'पाचव्या वर्षापर्यंत वाट बघा, काही मुलं हट्टी असतात' असं सांगून टॉनिक दिलं होतं. आता पाचवं वर्षही सरलं होतं. पण आता आई काही बोलायला लागली की आत्या डब्याकडं बोट दाखवायची. 'येवढं मोठं स्तोत्र पाठ हाय पोरीला, आन्‌ तू म्हणतीस डोस्क्यात फरक हाय? लोकाच्या नजरंपेक्षा आईचीच नजर वाईट म्हणायची.' आई म्हणायची, 'वन्सं, तिला पाठ हाय, पर तिला काय दुखतंय ते सांगता येत न्हाई.' आत्या उठून जायची. शेवटी आण्णा म्हणाले, 'सांगलीच्या मोठ्या डॉक्टरला एकदा दाखवू. त्यो जे म्हणंल ते खरं. त्यानं काय न्हाई म्हटलं तर ह्यो विषय बंद. परत घरात काढायचा न्हाई.' आई कबूल झाली. मला वाटलं, बंद झाला तर बरंच. आई मोकळी होईल.

मलाही नेलं, कारण आत्या बस्तीत आणि घरी मला बघायला कुणी नव्हतं. दवाखान्यात गर्दी होती, काचेच्या टाकीत मासे होते आणि सन्मू त्या टाकीच्या पंपाला कान लावून खूश होती. डॉक्टर नामांकित, गोरेपान, हसतमुख. आई सांगायला लागली तर ते मान हलवत होते, पण डोळे घड्याळावर. मग आण्णांनीच, अभिमान आवरला नाही म्हणून की पोरीची बाजू घ्यावी म्हणून, सांगितलं की तिला स्तोत्र येतं. 'अरे वा! म्हण बाळ.' सन्मूला कुणी पहिला शब्द दिला की पुरे. आण्णांनी दिला. ती निघाली. डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली, नर्सला बोलावलं, सगळे दारात उभे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच ते कौतुक. ठरलेल्या जागी सन्मू दोनदा खोकली, घसा खाकरला. डॉक्टर हसत म्हणाले, 'बास बास बाळा. थोडा खोकला दिसतोय, सिरप लिहून देतो.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी कौतुक, बस्तीत कौतुक, आता सांगलीतसुद्धा. 'तो तिचा खोकला न्हाई,' मी ओरडले. 'आत्याचा हाय! आत्या तिथं खोकली हुती म्हणून ती खोकती. तिला कळत न्हाई त्यातलं काय. तिला मधीच थांबवा आन्‌ बघा, ती परत पयल्यापास्नं सुरू करंल, न्हाईतर डोकं आपटंल. तिला काय बी येत न्हाई!' शेवटचं वाक्य बोलून मला फार बरं वाटलं.

डॉक्टर मोठ्यानं हसले. 'थोरलीला धाकटीचा राग आलाय वाटतं,' आण्णांना म्हणाले. 'साहजिक आहे. जरा हिच्याकडंही लक्ष द्या.' ते सांगत होते ते खरंच होतं, फक्त उत्तर चुकीच्या प्रश्नाचं होतं. मग आईकडं वळून, अगदी मायेनं: 'बाई, पोर हुशार आहे. असली मुलं जरा विक्षिप्त असतात. तुम्ही मासिकात काहीतरी वाचता आणि मनाला लावून घेता. तुमची झोप पुरी होत नाही, हाच काय तो आजार.' आण्णांना सुटल्यासारखं झालं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. ती माझ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर ती मला परसात घेऊन गेली. 'खोकल्याचं खरं?' तिनं विचारलं. मी हो म्हटलं. 'आणिक काय काय बघितलंस?' मी सांगत सुटले. सन्मू मला कधी नावानं हाक मारत नाही, काही हवं असलं तर माझं मनगट धरून माझा हात फडताळाकडं नेते, जशी काय मी पळी. मी पडले, गुडघा फुटला, तेव्हा तिनं रक्ताकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. माझ्या भातुकलीत ती कधी लटका चहा प्यायली नाही, कप उलटे करून त्यांची बुडं फिरवत बसली. मी तक्रारी करत होते हो, वर्षानुवर्षं साठवलेल्या. आणि आई त्या अशा ऐकत होती की मी जन्मात कधी इतकी महत्त्वाची नव्हते. त्या दिवशी तिनं मला जवळ घेतलं, पण विषय सन्मूचाच होता, हेही मी बरोबर टिपून ठेवलं.

विषय मात्र बंद झाला होता. आईनं शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती. सन्मूनं उत्तर दिलं नाही म्हणून शाळेत बाईंनी तिला मारलं, तरी आई घरात काही बोलली नाही. एकटी असली की मात्र तिचं तोंड सुतकी व्हायचं. दिवाळीत भाऊबीजेला आम्ही तिघी साताऱ्याला मामाकडं गेलो. आमच्या लोकांत लष्करात जाणारे मोजकेच. मामा घरातून पळून जाऊन भरती झालेला. आता पेन्शन घेऊन एका कारखान्यात गेटवर होता. ओवाळून झालं, ताटात लाडू तसाच ठेवून तो सन्मूकडं बघत बसला. ती कंदी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण एका विशिष्ट तऱ्हेनं उघडत होती आणि मिटत होती.

'अक्का,' तो म्हणाला, 'आमच्या एका साहेबांचा पोरगा सेम असाच हुता. त्याला ऑटिझम म्हणत्यात. मिलिटरीच्या दवाखान्यात दाखवलं हुतं.' आईनं हातातलं निरांजन खाली ठेवलं. पाच वर्षं जे तिच्या आत अंधारात होतं त्याला कुणीतरी नाव दिलं होतं. 'पर त्यो सांगलीचा डॉक्टर म्हणाला...' ती पुटपुटली. 'आन्‌ ह्यांला शब्द दिलाय मी, रं.' मामा म्हणाला, 'शब्द तुमच्या घरात विषय काढायचा न्हाई असा दिलायस. ह्ये माझं घर हाय. असल्या पोरांस्नी तपासणारी पुण्याची एक डॉक्टर मॅडम हितं महिन्यातनं एकदा, दोन दिवस येती. अपॉइंटमेंट मी घेतो. डरायचं न्हाई.'

त्याच आठवड्यात मॅडमची खेप होती. दवाखान्यात आत जाताना मामीनं मला बाहेर बसवायला घेतलं. आई म्हणाली, 'तिला ऱ्हाऊ दे. तिला सगळं ठावं हाय.' मी अशी ताठ मानेनं आत गेले की विचारू नका. त्या डॉक्टर मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत, फरशीवर बसल्या. त्यांनी सन्मूला काही म्हणायला सांगितलं नाही. चेंडू ढकलला, मागून नावानं हाक मारली, बाहुलीला चमच्यानं भरवल्याचं नाटक केलं, साबणाचे फुगे उडवले आणि मग बाटली घट्ट बंद करून ती काय करते ते बघत राहिल्या. सन्मूनं माझं मनगट धरलं आणि माझा हात बाटलीवर नेऊन ठेवला. मॅडमनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. 'नेहमी असंच करते का ग?' मग काय विचारता! खोकल्यापासून भातुकलीपर्यंत सगळं मी पुन्हा सांगितलं. त्यांनी एकदाही ते हसण्यावारी नेलं नाही. फक्त मधे मधे 'अजून?' म्हणत होत्या.

मग त्या आईला विचारायला लागल्या. पहिल्यांदा हसली कधी, बसली कधी, बोट दाखवलं का, पहिला शब्द कुठला. आईला सन्मूचं सगळं तोंडपाठ. कुठल्या महिन्यात, कुठल्या सणाच्या आगेमागे, अंगात कुठलं झबलं होतं. मी ऐकत होते आणि आतून जळत होते. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, 'आणि या थोरलीचं? ही कधी बोलायला लागली? तुलना करायला बरं पडतं.' मी पुढं सरकले. आई माझ्याकडं वळली, आठवायचा प्रयत्न केला, आणि ओशाळून हसली.

'हिचं न्हाई बघा आठवत. ही आपली आपोआप मोठी झाली.'

तिथून पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशीही बोलावलं. मग शांतपणे, कुठलाही शब्द न गाळता त्यांनी सांगितलं की हो, हा ऑटिझम आहे, स्वमग्नता म्हणतात, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, आणि तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. आई रडेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, 'मग आता काय करायचं, ते सांगा.' मॅडम सांगत गेल्या: रोज घरी काय करायचं, महिन्याला इथं यायचं, शाळेत कसं सांगायचं. माझ्या ध्यानात आलं की हे संपायचं नाही. मला वाटलं होतं, एकदा कुणीतरी डॉक्टर काहीतरी ठाम बोलला की आई मला परत मिळेल. उलट आता ती कायदेशीर सन्मूची झाली होती. मामानं आण्णांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला. मग आण्णांचा आवाज मलाही ऐकू आला: 'तू म्हणत हुतीस तेच की गं.' तेव्हा आई रडली.

आत्यानं हे मान्य करायला पुढं खूप काळ घेतला. आता ती नाही. आजच्या आया मोबाइलवर बघून डॉक्टरांशी वाद घालतात, घालू देत. माझ्या आईकडं वाद घालायला स्वतःच्या डोळ्यांशिवाय काही नव्हतं. सन्मू आता तिशीत आहे, आईजवळच असते, हळदीची प्रतवारी तिच्याइतकी चोख कुणी करत नाही. फोन केला की आधी तिचीच खबर असते. मला अजून टोचतं.

साताऱ्याहून परतीच्या एसटीत सन्मू आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि मी कडेला तोंड फुगवून बसले होते. कराड मागं पडलं. आई म्हणाली, 'बरं झालं बाई तू संगट हुतीस. मी एकली असते तर ह्या मॅडमनी बी माझं खरं मानलं असतं का, कुणास ठावं.'

'माझं तुला काईच आठवत न्हाई,' मी म्हटलं.

खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती तिला. पहिला शब्द 'आई' होता म्हणाली असती तरी मी मानलं असतं. पण ती म्हणाली, 'न्हाई गं आठवत. खरंच न्हाई. तुझ्या येळला मी निवांत हुते. रडलीस की कळायचं भूक लागलीया, हसलीस की कळायचं पोट भरलंय. निवांत माणूस कशाला काय ध्यानात ठेवतंय?'

तेव्हा मला ते पुरलं नाही. आजही पुरतं असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. पण आईची एक मांडी मोकळी होती. मी सन्मूचे पाय खिडकीकडं सरकवले आणि त्या मांडीवर डोकं ठेवलं. बारा वर्षांची घोडी मी. कंडक्टरसुद्धा वळून बघून गेला. आईचे दोन्ही पाय अवघडले असणार. इस्लामपूर येईपर्यंत तिनं एकही हलवला नाही.